माणबसा: 'मन'ही नाही, 'वसा'ही नाही

प्रश्न असा आला आहे: "आमच्या शेजारी ओडिया कुटुंब आहे. त्या वहिनीसुद्धा मार्गशीर्षातले गुरुवार करतात, पण आमच्या दोन आठवडे आधी सुरू करतात. व्रताचं नाव त्यांनी मला व्हॉट्सॲपवर रोमन लिपीत पाठवलं, ते मी 'मनबसा गुरुबार' असं वाचलं. ओडियात व चा ब होतो म्हणे. मग हे 'मन-वसा' असेल का? 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' मधला वसा? आणि तारखांचं काय? चुकतंय कोण, त्या की आम्ही?"

उत्तर चुकलं असलं तरी तर्क चोख आहे. व चा ब होतो हे अगदी खरं. गुरुवार तिकडे गुरुबार, व्रत तिकडे ब्रत, पुरीच्या मंदिरातली विमलादेवी तिकडे बिमळा. त्यामुळे 'बसा' पाहून मराठी माणसाला वसा आठवावा हे साहजिकच. पण आपल्या वशाच्या जागी ओडियात शब्द आहे 'ओषा'. लिहितात ष, ऐकू येतो स. भाद्रपदात मुली 'खुदुरुकुणी ओषा' करतात, त्यातला. हा शब्द उपवासाशी नातं सांगतो. तेव्हा आपला वसा इथे नाही.

गोंधळ रोमन लिपीने केला आहे. तिच्यात अ आणि आ ला एकच अक्षर, न आणि ण ला एकच अक्षर. तेवढ्यातून मन, मान, मण, माण असे चारही शब्द वाचता येतात आणि आपण त्यातला ओळखीचा, गोडसा शब्द उचलतो. ओडिया लिपीत मात्र शंकेला जागा नाही. तिथे पहिलं अक्षर 'मा' आहे आणि दुसरं 'ण'. माणबसा.

मला हे कळलं ते कोशातून नाही. कटकला भाड्याने राहत होते तेव्हाची गोष्ट. घरमालकीणबाईंना मी सगळ्यांसारखं 'माउसी' म्हणायचे (आपली मावशीच ती). बुधवारी संध्याकाळी माउसी तांदूळ वाटून त्याच्या पांढऱ्या पातळ पिठात बोटं बुडवून दारापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढत होत्या. आपल्यासारखी कोरडी, चिमटीतून सोडलेली रांगोळी नव्हे. ओली, आणि वाळली की फरशीला घट्ट धरून बसणारी. तिला 'झोटी' म्हणतात. पावलांच्या दोन्ही बाजूंना भाताच्या लोंब्या. मी माझ्या तुटक्या ओडियात विचारलं, "मनबसा म्हणजे मनात बसलेली लक्ष्मी ना?" त्या हसायला लागल्या. कोपऱ्यातली वेताची, तेलकट काळी पडलेली टोपली उचलून तिच्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाल्या, "माण. माण." दुसऱ्या दिवशी पहाटे तीच टोपली नव्या भाताने काठोकाठ भरून, फुलं-सुपाऱ्या वाहून पाटावर ठेवली होती. फोटो होता, पण मागे. पूजा टोपलीची चालली होती.

तर माण म्हणजे धान्य मोजायचं माप. आपल्याकडे शेर, मापटं, अधोली, पायली, तसं. आणि 'बसा' म्हणजे बसवणं. 'बसिबा' हे ओडिया क्रियापद आणि आपलं 'बसणे' ही सख्खी भावंडं आहेत, दोन्ही संस्कृत उपविश् कडून आलेली. आपण नवरात्रात घट बसवतो, भाद्रपदात गणपती बसवतो; त्या मार्गशीर्षात माप बसवतात. खरं तर मराठी माणसाइतका हा शब्द पटकन कोणालाच कळू नये, फक्त ण दिसायला हवा.

ण वरून आठवलं. ओडिया आणि मराठी एकमेकींपासून इतक्या लांब, पण दोघींनीही ण आणि ळ सोडलेले नाहीत. हिंदीत पानी, आपल्याकडे पाणी, तिकडेही पाणि. माणसाला तिकडे 'मणिष' म्हणतात. संस्कृत 'मान' म्हणजे माप, त्याचं ओडियात 'माण' झालं ते याच चालीने. मराठीत मात्र हा 'मान' सुटा राहिला नाही. तो समासात अडकून बसला: तापमान, कालमान, चांद्रमान, सौरमान. मानपानातला मान वेगळा, तो मन् धातूचा. हा मा धातूचा, मोजण्याचा. (चाळीस शेरांचा 'मण' कृपया यात ओढू नका. त्याची वंशावळ निराळी आणि वादाची आहे.) ओडिशात जमीनही माणाने मोजतात, आणि एक माण म्हणजे २५ गुंठे. आपल्याकडे ४० गुंठ्यांचा एकर, तिकडे २५ गुंठ्यांचा. गुंठा हा शब्द तोच, आकार वेगळा. तिकडे कोणी प्लॉट घेणार असेल तर जपून.

आता मापाचीच पूजा का, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. नवी सून घरात येते तेव्हा उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवतो आणि ती ते ओलांडून लक्ष्मी म्हणून आत येते. मार्गशीर्ष म्हणजे खरिपाचा भात घरात येण्याचे दिवस. भरलेलं माप हीच लक्ष्मी, वेगळी मूर्ती कशाला? आपल्या मार्गशीर्षातल्या गुरुवारांत मापाची जागा कलशाने घेतली आहे: तांदळावर तांब्या, पाच झाडांच्या डहाळ्या, वर नारळ, हल्ली मुखवटा आणि साडीही.

पोथ्यांतला फरक शब्दचर्चेत बसत नाही, तरी सांगते. आपल्या पोथीत भद्रश्रवा राजा, त्याची गर्विष्ठ राणी सुरतचंद्रिका आणि दारातून हाकललेली म्हातारी. तिकडे वाचतात ते बलराम दासांचं 'लक्ष्मीपुराण'. बलराम दास म्हणजे ओडिशाच्या पंचसखा संतकवींपैकी एक. त्यातही लक्ष्मीला घराबाहेर काढतात, पण काढतो तो जगन्नाथ, थोरल्या बलभद्राच्या हुकमावरून. लक्ष्मीचा गुन्हा काय, तर गुरुवारी श्रिया नावाच्या चांडाळ स्त्रीने मनापासून केलेली पूजा पाहून ती तिच्या घरी गेली. मग दोघे भाऊ बारा वर्षं अन्नाला महाग होतात, भीक मागत शेवटी लक्ष्मीच्याच दारी येऊन जेवतात, आणि ती परत येते ती अट घालून: जगन्नाथाच्या प्रसादाला जातपात नाही. माउसी हे ओडिया छंदात गुणगुणत वाचायच्या आणि भावांच्या उपासमारीच्या भागात त्यांचा आवाज जरा जास्तच खुलायचा.

राहिला तारखांचा भाग. चुकतंय कोणीच नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच असतं. वद्य पक्षाला आपण मागच्या महिन्याचं नाव देतो आणि ते पुढच्या. आपलं कार्तिक वद्य म्हणजे त्यांचं मार्गशिर कृष्ण. (हो, तिकडे 'मार्गशिर'च म्हणतात.) जन्माष्टमी आपल्याकडे श्रावणात आणि तिकडे भाद्रपदात, पण दिवस तोच, त्यातलाच हा प्रकार.

फरक असा की जन्माष्टमीसारखा सण तिथीला बांधलेला असतो, म्हणून महिन्याचं नाव बदललं तरी दिवस हलत नाही. गुरुवारचं व्रत बांधलंय ते महिन्याच्या नावालाच. नाव सरकलं की व्रतही सरकतं. २०२३ साली कार्तिक पौर्णिमा २७ नोव्हेंबरला होती. त्यांचे गुरुवार ३० नोव्हेंबर, ७, १४ आणि २१ डिसेंबर. आपला मार्गशीर्ष १३ डिसेंबरला लागला, पहिला गुरुवार १४ ला. म्हणजे १४ आणि २१ या दोन गुरुवारी दोन्ही घरांत एकदमच पूजा झाली असणार. आणि दोन आठवडे हेही दरवर्षीचं नाही. २०२५ साली त्यांचा पहिला गुरुवार ६ नोव्हेंबरला आला आणि आपला २७ ला, सरळ तीन आठवडे.

तिकडे महिना पौर्णिमेला संपतो याचा पुरावा पंचांगात शोधायला नको, मासळी बाजारात जा. कार्तिकभर कितीतरी ओडिया घरांत मासे-मटण बंद. शेवटचे पाच दिवस तर 'पंचुक'. त्या दिवसांत म्हणे बगळासुद्धा मासा खात नाही, म्हणून नावच 'बग पंचुक'. पौर्णिमेला पहाटे केळीच्या सोपाच्या होड्या दिवा लावून पाण्यात सोडतात, कार्तिक संपतो, आणि दुसऱ्या दिवशी 'छाडखाई'. या दिवशी बाजारात जी झुंबड उडते ती आपल्या गटारीच्या वरताण. आपली गटारी श्रावणाच्या आधी, त्यांची छाडखाई कार्तिकाच्या नंतर. आपण जाताना खाऊन घेतो, ते सुटल्यावर. मात्र ६ नोव्हेंबर २०२५ सारखी छाडखाई गुरुवारीच आली की पंचाईत, कारण माणबसाच्या दिवशी सामिष चालत नाही. तेव्हा जीभ आणखी एक दिवस आवरायची.

त्याच कृष्ण पक्षात अष्टमीला प्रथमाष्टमी येते, घरातल्या पहिल्या अपत्याचा दिवस. त्या दिवशी वहिनींनी हळदीच्या पानात उकडलेलं काही दिलं, तर ते 'एंडुरी पिठा'. पान उघडताच येणारा वास थेट आपल्या पातोळ्यांचा. आपल्या दिनदर्शिकेत त्याच दिवशी कालभैरव जयंती छापलेली दिसेल, कार्तिक वद्य अष्टमी म्हणून.

एवढ्यावरून ओडिया पंचांग म्हणजे नुसतं पौर्णिमेचं पंचांग असं मात्र समजू नका. व्रतं चांद्रमानाने, पण नवं वर्ष सौरमानाने, मेष संक्रांतीला. तिला 'पणा संक्रांती' म्हणतात, कारण त्या दिवशी बेलफळाचा पणा पितात. पणा आणि आपलं पन्हं दोन्ही 'पानक' या संस्कृत शब्दाचे वंशज. शिवाय पुरीच्या गजपती राजाच्या कारकिर्दीची वर्षं मोजणारा 'अंक' आहेच. तो भाद्रपद शुद्ध द्वादशीला, 'सुनिया'ला बदलतो, आणि त्याची मोजणी अफलातून: १ गाळायचा, ६ वर संपणारे सगळे आकडे गाळायचे, आणि शून्यावर संपणारे १० सोडून सगळे. म्हणजे मोजणीतलं सतरावं वर्ष अंकात २१ ठरतं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर १८९६ साली इंग्रजीत लिहिलेल्या पंचांगविषयक ग्रंथात याची 'ओंको' म्हणून नोंद आहे. ओडियात अ चा उच्चार ऑ कडे झुकतो, म्हणून अंकचा ओंको.

मराठीत लिहायचं झालं तर मी 'माणबसा गुरुवार' असं लिहीन. गुरुवार आपलाच शब्द आहे, त्याचा उगाच गुरुबार करायला नको. पण 'माण' मधला ण आणि काना सोडू नका, नाहीतर परत मनाकडे जाल. आणि वहिनींना विचारायचंच असेल, तर बुधवारी रात्री त्यांच्या दारात ओल्या पिठाची पावलं दिसली की "उद्या माण बसणार ना?" असं सरळ मराठीत विचारा. त्यांना कळेल.