पडवीचे खांब

प्रश्न : राजापूरजवळ आमचं जुनं जांभ्याचं घर आहे. पुढच्या पडवीचे सागवानी खांब बुडाशी कुजलेत. गवंडी म्हणतात, सिमेंटचे घाला. काय करू?

उत्तर : ताई, खांब काढू देऊ नका! असले खांब जळणात गेलेले पाहिले की जीव तुटतो. तुळईला टेकू द्या, मग पटाशीने बुंधा टोचत वर जा. पातं रुतायचं थांबलं की तिथून लाकूड खणखणीत. कुजका भाग तेवढा कापून जुन्या सागाचा तुकडा खाचेच्या सांध्याने जोडा. खाली दगडी तळखडा हवाच, चांगला वीतभर उंच, म्हणजे पागोळ्यांचं पाणी उडून लाकडाला लागणार नाही. भिंतींना गिलावा चुन्याचाच करा. जांभा ओल पितो, सिमेंट ती आत कोंडतं. आधी सुतार शोधा, गवंडी नंतर.