नाशकात जमीन-घरांची एजंटगिरी सुरू करायचीय? आधी सातबारा वाचायला शिका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अंबडच्या कंपनीत सुपरवायझर आहात, लग्न ठरलंय, आणि दिंडोरी रोडकडचा एक प्लॉटिंगवाला म्हणतोय, "फक्त माणसं आणा, ३ टक्के तुमचे." नोकरी सोडू का, लायसन लागतं का, सुरुवात कुठून करू, असं विचारलंय.

नोकरी आत्ता सोडू नका. मी सोडली होती, सातपूरची स्टोअरकीपरची, आणि पहिल्या महिन्यात एकच खोली भाड्याने लागली. दलाली चार हजार. घरी आईने विचारलं, "हे रोजचं की महिन्याचं?" नव्या फ्लॅटचं बुकिंग झालं तरी बिल्डर कमिशन लगेच देत नाही. साठेखत (खरेदीआधीचा करार) नोंदवलं जातं, बँकेचा पहिला हप्ता येतो, मग तुमचं बिल निघतं. यात तीन-चार महिने सहज जातात, आणि मध्येच पार्टीचं, म्हणजे घेणाऱ्याचं, कर्ज नामंजूर झालं की सगळं शून्य. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तरच राजीनामा लिहा.

लायसनचं सांगतो. रेरा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा, २०१६ चा; त्यासाठीचं आपल्या राज्याचं प्राधिकरण, महारेरा, २०१७ पासून. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायचा तर एजंटचीही महारेरा नोंदणी लागते. आता त्याआधी २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. परीक्षा मराठीतून देता येते, अवघड नाही, पण कार्पेट एरिया म्हणजे काय हे घोकून नाही, समजून जा. एकट्या माणसाची नोंदणी फी १० हजार, मुदत पाच वर्षं. नोंदणी नसताना विकलं तर दिवसाला १० हजार दंड होऊ शकतो, आणि तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. जाहिरातीत स्वतःचा नोंदणी क्रमांक टाकायचा, व्हॉट्सअॅपच्या पोस्टमध्येसुद्धा. आणि प्रकल्पच नोंदवलेला नसेल तर तो विकायचा नाही, एवढं साधं आहे.

भाड्याच्या घरांना आणि जुन्या फ्लॅटच्या रीसेलला ही अट तशी लागू होत नाही, म्हणून परीक्षा होईपर्यंत तिथूनच सुरू करा. तुम्ही अंबडचे, म्हणजे इंदिरानगर ते पाथर्डी फाटा हा पट्टा तुमचा. कंपनीत रुजू होणारी पोरं तिथेच खोली शोधतात. अख्खं नाशिक धरू नका. नाशिकरोडला भाव काय, म्हसरूळला काय, असं विचारणारे भेटतील. "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणायला लाजायचं नाही. पण आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक बिल्डिंगचं पाणी किती वाजता येतं, लिफ्ट चालते का, मेंटेनन्स किती, सेक्रेटरी बॅचलरना घर देऊ देतो का, हे वहीत असलं पाहिजे. मी दोन महिने रोज संध्याकाळी एकेक गल्ली पायी फिरलो. वॉचमनशी ओळख ठेवा. घर रिकामं होणार हे मालकाच्या आधी त्याला कळतं. पोर्टलवरचा फोन येतो तोपर्यंत तोच माणूस आणखी दहा एजंटांशी बोललेला असतो.

भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, महाराष्ट्रात. बरेच मालक स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळे होतात. तुम्ही ऑनलाइन नोंदणी करून द्यायला शिकलात तर मालक पुढच्या वर्षीही तुम्हालाच फोन करतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणंही मीच करून देतो.

आता प्लॉट. इथे जरा थांबतो, कारण माझं तोंड इथेच पोळलंय.

सुरुवातीच्या काळात एका प्लॉटिंगवाल्याचे एक-एक गुंठ्याचे तुकडे मी विकले. शेतजमीन, एनए (बिगरशेती) नाही, मंजूर लेआउट (प्लॉटचा नकाशा) नाही, चुन्याने आखलेले चौकोन आणि चार निशाण्या. खरेदीखत नाही, नोटरी. निवृत्तीच्या पैशातून घेणारे एक काका होते, माझ्यावर विसंबून. त्यांचं नाव सातबाऱ्यावर आजतागायत लागलं नाही, कारण तुकडेबंदी कायद्यात, म्हणजे ठरावीक आकाराहून लहान तुकडा विकू न देणाऱ्या कायद्यात, एवढा तुकडा बसतच नव्हता. मला कमिशन मिळालं, रोख. काका आजही भाजीबाजारात भेटतात आणि नमस्कार करतात, ते शिव्या देण्यापेक्षा जास्त लागतं. तुकडेबंदीत हल्ली सवलती आल्यात, पण त्या ठरावीक भागातल्या जुन्या व्यवहारांसाठी. त्या सवलतींचं नाव सांगून आज नवा तुकडा गळ्यात मारणारा भेटला तर गाडीला किक मारा.

म्हणून म्हणतो, सातबारा वाचायला शिका. महाभूलेख या सरकारी साइटवर फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत निघतो. मालकाचं नाव सगळेच बघतात. तुम्ही 'इतर हक्क' बघा: बँकेचा बोजा, कूळ, बहिणींची नावं, कोर्टाचा दावा, सगळं तिथे निघतं. भोगवटादार वर्ग-२ (अटींवरची जमीन) असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. दिंडोरी, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या बाजूला आदिवासी खातेदारांच्या जमिनी भरपूर आहेत. बिगरआदिवासीला त्या सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाहीत, आणि "आमची वरपर्यंत ओळख आहे" ही परवानगी नव्हे. मग फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी आहे ते), वकिलाचा मालकीचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट. प्लॉट गोदावरीच्या किंवा नासर्डीच्या काठाजवळ असेल तर निळ्या आणि लाल पूररेषेत येतो का ते आधी बघा. निळ्या रेषेत बांधकाम नाही. तपोवनाकडे साधुग्रामचं, म्हणजे सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठीचं, आरक्षण विचारा. सिंहस्थ आला की दर माणूस "इथून रिंगरोड जाणार" म्हणतो. नकाशा मागितला की चहा मागवतो. सिडकोची घरं भाडेपट्ट्याची म्हणून दिलेली, त्यांच्या हस्तांतराचे कागद वेगळे. ते एखाद्या जुन्या एजंटाकडे बसून बघाच.

दलालीचं बोलणं घर दाखवायच्या आधी. भाड्याला साधारण एक महिन्याचं भाडं, रीसेलला एक ते दोन टक्के, आणि कोणाकडून किती ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. साखळीत तीन एजंट असतील तर वाटे टोकनच्या (बयाण्याच्या) आधी ठरवा. टोकन स्वतःच्या खात्यात घेऊ नका, कधीच नाही. मालकाच्या नावाने चेक आणि पावती. बिल्डरने साठेखत न नोंदवता १० टक्क्यांहून जास्त मागितले तर पार्टीला थांबवा, कायदा तिच्या बाजूने आहे. पितृपक्षात कोणी टोकन देत नाही, तेव्हा वही नीट करा. दसरा आणि पाडवा पुढे असतोच.

तुमच्या त्या प्लॉटिंगवाल्याकडे जा आणि तीन गोष्टी मागा: एनएचे कागद, मंजूर लेआउट, महारेरा क्रमांक. जमीन ५०० चौरस मीटरहून मोठी असणारच, मग तुकड्यांच्या विक्रीला महारेरा लागतं. "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाला तर चहा घेऊन परत या. कागद दिलेच, तर सर्व्हे नंबर घेऊन स्वतः सातबारा काढा आणि इतर हक्कात काय लिहिलंय ते इथे टाका, नावं झाकून. बघून सांगतो.