कापूसकोंडा आणि कात्री

प्रश्न : बाई, आमच्या वाचन गटात महिनाभर प्रायोगिक, उत्तर-आधुनिक कथा चालू आहेत. एकीत पात्रांना नावं नाहीत, दुसरीत लेखकच मध्ये येऊन 'हे मी रचतोय' म्हणतो, तिसरीला तीन शेवट. मला फसवल्यासारखं वाटतं. माझंच वाचन कमी पडतंय का?
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : तुमचं काही कमी पडलेलं नाही. मनापासून वाचलंत म्हणूनच राग आला.

माझं पहिलं भांडण जॉन बार्थ या अमेरिकी लेखकाशी झालं. त्याच्या १९६८च्या 'लॉस्ट इन द फनहाउस' या संग्रहातली पहिली कथा म्हणजे पानाच्या कडेला छापलेली एक पट्टी. एका बाजूला 'कोणे एके काळी', मागच्या बाजूला 'एक गोष्ट होती, तिची सुरुवात अशी', एवढाच मजकूर. पट्टी कापायची, एक पीळ द्यायचा आणि टोकं जोडायची. वाचनालयाच्या पुस्तकाला कात्री कशी लावणार? वहीच्या कागदावर ओळ लिहिली, खळीनं चिकटवली, बोट फिरवत गेले. ओळ संपेचना. नात शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आज्जी, हे कापूसकोंड्यागत झालं की!"

खरंच की. 'कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?' 'सांग.' 'सांग काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?' लहानपणी मी चिडून रडायची आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तीच मागायची, कारण समोर आजी असायची. 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणणारीही तीच.

रॉबर्ट कूव्हर या आणखी एका अमेरिकी लेखकाच्या 'द बेबीसिटर' (१९६९) या कथेत एकाच संध्याकाळचे शंभरावर तुकडे आहेत. एकात अनर्थ होतो, दुसऱ्यात काहीच होत नाही आणि खरं कुठलं ते लेखक सांगत नाही. पहिल्यांदा मी पेन्सिलीनं खऱ्या तुकड्यांवर खुणा करत बसले आणि वैतागून पुस्तक मिटलं. दुसऱ्यांदा वाचताना आमचं बेळगावातलं घर आठवलं. १९५६ नंतर 'आपण महाराष्ट्रात गेलो असतो तर' अशी सुरू होणारी वाक्यं ऐकतच मी वाढले. त्या न घडलेल्या आयुष्यात अण्णांची नोकरी वेगळी होती, माझी शाळाही. जेवताना ते आयुष्य आमच्याबरोबर पंगतीला असायचं. ते खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

पण प्रयोग आहे म्हणून प्रत्येक कथेला मान डोलावू नका. नुसतीच करामत असते आणि आत कुणाचं काही दुखत-खुपत नसतं, तेव्हा मी कथा अर्ध्यावर सोडते. अशा पुष्कळ सोडल्यात. मराठीत कारवारात जन्मलेल्या विलास सारंगांच्या कथा घ्या. त्या विचित्र आहेत, पण त्यातली भीती अंगाला चिकटते.

पुढच्या बैठकीत कूव्हरचे तुकडे पाच जणींत वाटून मोठ्यानं वाचा. आणि जाताना कात्री, वहीचा कागद आणि वाटीभर खळ घेऊन जा.