रंग सोडा, पाय मोजा : घरातील आणि बागेतील लहान जिवांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत जिवाच्या रंगाचे वर्णन अतिशय बारकाईने केलेले आहे, पायांविषयी मात्र अवाक्षर नाही. रंग हा ओळखीचा सर्वांत कच्चा पुरावा होय. एकाच जातीत तो वयाप्रमाणे आणि कात टाकण्याच्या वेळेप्रमाणे बदलतो, तर परस्परांशी काडीचेही नाते नसलेले दोन जीव एकाच रंगाचे असू शकतात. त्यामुळे पुढील उत्तरांत रंगाला फारसे स्थान मिळालेले नाही.

प्रश्न : कुंडी बदलताना मातीत वीतभराहून लहान, काळसर आणि चकचकीत असे गांडूळ निघाले. ते नागमोडी वळवळत इतक्या वेगाने मातीत शिरले की ते गांडूळ असावे यावर विश्वास बसत नाही. ते सापाचे पिल्लू होते का? घरात लहान मुले आहेत.

उत्तर : तुमची शंका निम्मी खरी आहे. वर्णनावरून तो बहुधा वाळा असावा. वाळा हा सापच, पण तुम्ही पाहिला तो पिल्लू असेलच असे नाही, कारण पूर्ण वाढ झालेला वाळाही सहसा १५ सेंटिमीटरांहून लांब नसतो. तो बिनविषारी आहे. त्याचे तोंड इतके लहान असते की माणसाला चावणे त्याला शक्यच होत नाही.

गांडूळ आणि वाळा यांतील फरक चालीवरून सर्वांत लवकर कळतो. गांडूळ अंग ताणते, आखडते आणि पुढे सरकते. वाळा डावीकडे-उजवीकडे वळणे घेत जातो. गांडुळाच्या अंगावर वलये असतात आणि त्वचा ओलसर, बुळबुळीत असते. वाळ्याच्या अंगावर एकमेकांत घट्ट बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि म्हणूनच तो कोरडा असूनही तेल लावल्यासारखा चमकतो. भिंगातून पाहिल्यास डोक्याच्या टोकाशी खवल्यांखाली दडलेले दोन काळे ठिपके दिसतात. ते त्याचे डोळे असून त्यांना उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसे काही कळत नाही. मधूनच बाहेर येणारी बारीक जीभ दिसली, तर मग शंकेला जागाच उरत नाही. शेपटीच्या टोकाला एक इवलासा काटा असतो. पकडल्यावर तो बोटाला टोचल्यासारखा वाटतो, आणि वाळा ‘डंख मारतो’ हा समज त्यातूनच पसरला असावा.

हा साप कुंडीत येतो कसा, हे त्याच्या ओळखीइतकेच रंजक आहे. वाळ्याच्या इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस या जातीत आजवर केवळ माद्याच आढळल्या आहेत. नराविनाच त्या अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. साहजिकच रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीतून एखादी मादी जरी नव्या ठिकाणी पोहोचली, तरी तेथे तिचा वंश सुरू होतो. कुंड्यांच्या व्यापाराबरोबर ही जात अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत पसरली ती याच कारणाने. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी व अळ्या हे तिचे खाद्य असल्यामुळे रोपाला तिच्यापासून कोणताही अपाय नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. अंगावर पट्टे किंवा ठिपके असलेला, अथवा डोके मानेपासून वेगळे दिसणारा लहान साप हा वाळा नव्हे. त्याला हात न लावता दूर व्हावे आणि जाणकार सर्पमित्राला बोलवावे. सापांची पिल्ले लहान असली तरी विषारी जातीच्या पिल्लाचे विष पहिल्या दिवसापासून विषच असते.

प्रश्न : रात्री स्वयंपाकघरात भिंतीच्या कडेने लांब नाकाचा उंदीर धावतो. तो धान्याला किंवा कागदाला तोंड लावत नाही, पण गेलेल्या वाटेवर उग्र वास सोडतो. ही उंदराची कोणती जात आहे आणि विषारी गोळ्या ठेवाव्यात का?

उत्तर : ही उंदराची कोणतीच जात नाही. ती चिचुंद्री आहे, आणि उंदराशी तिचे नाते दिसते त्याहून फार दूरचे आहे. उंदीर, घूस आणि खार हे कुरतडणारे प्राणी. त्यांच्या जबड्यात पुढे पटाशीसारखे, आयुष्यभर वाढणारे दात असतात आणि त्यांच्यामागे मोकळी जागा असते. चिचुंद्रीच्या तोंडात अशी मोकळी जागा नसून टोकदार दातांची सलग रांग असते, कारण तिला कुरतडायचे नसते, किड्यांची कठीण कवचे फोडायची असतात. डोळे टाचणीच्या डोक्याएवढे, कान केसांना चिकटलेले, आणि नाकाचे टोक सतत हलणारे. वास येतो तो तिच्या कुशीवरील ग्रंथींतून. मांजर तिला मारून टाकते, पण बहुधा खात नाही, त्यामागेही हाच वास आहे.

प्राणी प्रत्यक्ष दिसत नसेल तर त्याच्या वाटेवर रात्री अंगाला लावायच्या पावडरीचा पातळ थर पसरून ठेवावा. सकाळी पुढच्या पावलाच्या ठशात चार बोटे उमटली असतील तर तो उंदीर, पाच असतील तर चिचुंद्री. ही युक्ती दिसते तितकी सोपी नाही, हे मी अनुभवाने सांगतो. थर जाड झाला की सर्वच ठसे सारखे दिसतात आणि सकाळी घरातील मंडळी आपल्यालाच ओळखेनाशी होतात. तरी दोन-तीन रात्री चिकाटी धरल्यास एखादा ठसा स्पष्ट मिळतो. नशीब असेल तर याहून दुर्मीळ दृश्यही दिसेल : आई पुढे, आणि तिच्यामागे प्रत्येक पिल्लू पुढच्याच्या शेपटीचे मूळ तोंडात धरून चालले आहे, अशी आगगाडी.

विषारी गोळ्या ठेवू नयेत. चिचुंद्रीचा मुख्य आहार झुरळे, रातकिडे आणि त्यांच्यासारखे किडेच आहे. ती तुमच्या स्वयंपाकघरात वारंवार येते याचा अर्थ तेथे तिला खाद्य मिळते. ते कमी करावे आणि दाराखालची फट बुजवावी, म्हणजे तिचे येणे आपोआप थांबेल.

प्रश्न : पावसाळ्यात अंगणात पुष्कळ पायांचे दोन प्रकारचे जीव दिसतात. त्यांपैकी चावणारा कोणता?

उत्तर : जो सुपारीसारखा गोल वेटोळे करून निपचित पडतो, तो वाणी किंवा पैसा, तो चावत नाही. जो चपटा असून डिवचताच पळत सुटतो, तो गोम किंवा घोण, तो चावतो. नेमकी खूण पायांत आहे. वाण्याच्या जवळजवळ प्रत्येक वलयाला पायांच्या दोन जोड्या असतात, गोमेच्या प्रत्येक वलयाला एकच. गोमेच्या पायांच्या एकूण जोड्या नेहमी विषम संख्येत असतात, त्यामुळे ‘शतपाद’ या नावाप्रमाणे नेमके १०० पाय असलेली गोम सापडणे शक्यच नाही. ‘सहस्रपाद’ हे नाव मात्र फार काळानंतर खरे ठरले : ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोलवर राहणाऱ्या आणि २०२१ साली जगासमोर आलेल्या एका जातीच्या मादीला १,३०६ पाय आढळले. वाणी चावत नसला तरी त्याच्या अंगातून झरणारा द्रव त्वचेला डाग पाडतो आणि डोळ्यांत गेल्यास आग होते, म्हणून त्याला हाताळल्यावर हात धुवावेत.

प्रश्न : खिडकीच्या चौकटीवर कोणी तरी मातीचे छोटे मडके चिकटवल्यासारखे दिसते. फोडले तेव्हा आत हिरव्या अळ्या होत्या, जिवंत पण हलत नव्हत्या. या कोणाच्या अळ्या?

उत्तर : मडके कुंभारीण माशीचे, अळ्या मात्र तिच्या नव्हेत. त्या पतंगांच्या अळ्या असून कुंभारणीने त्यांना डंख मारून लुळे केले आणि आपल्या पिल्लासाठी शिदोरी म्हणून कोंबून ठेवले. मारले असते तर त्या कुजल्या असत्या. लुळ्या केल्यामुळे ताज्या राहतात. मडक्याच्या छताला बारीक धाग्याने टांगलेले एक अंडे तुमच्या नजरेतून सुटले असावे. त्यातून बाहेर येणारे कुंभारणीचे पिल्लू या अळ्या खाऊन वाढते, कोषात जाते आणि शेवटी भिंत कुरतडून बाहेर पडते.

आपल्या जुन्या वाङ्मयातील कीटकभ्रमरन्याय बहुधा याच दृश्यावरून सुचला असावा. कुंभारीण अळीला आत बंद करते आणि काही दिवसांनी आतून कुंभारीणच बाहेर येते, तेव्हा ध्यास घेऊन अळीच कुंभारीण झाली, असे पाहणाऱ्यांनी मानले. निरीक्षण अगदी अचूक होते. मधले अंडे तेवढे दिसले नव्हते. आत अळ्यांऐवजी कोळी असते तर घर बांधणारी दुसऱ्या कुळातील, म्हणजे कोळ्यांची शिकार करणारी गांधीलमाशी ठरली असती. दोघीही एकट्या राहतात आणि घराच्या रक्षणासाठी माणसावर सहसा धावून येत नाहीत. घराला गोल भोक पडलेले असेल तर ते बहुधा रिकामे झाले आहे असे समजून खरवडून काढण्यास हरकत नाही.

प्रश्न : संध्याकाळी फुलांसमोर हवेत स्थिर राहून मध पिणारा, बोटाएवढा गुणगुण्या पक्षी पाहिला. छायाचित्र जोडले आहे.

उत्तर : छायाचित्रात डोक्यावर दोन मिशा दिसत आहेत आणि पक्ष्याला मिशा नसतात. हा रुईपतंगांच्या कुळातील पतंग आहे. फुलात शिरलेली ‘चोच’ म्हणजे त्याची घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळता येणारी सोंड. गुणगुणे पक्षी रानावनांत फक्त अमेरिका खंडांतच आढळतात.

प्रश्न : भिंतीवर चिकटलेली राखाडी, चपटी, भोपळ्याच्या बीसारखी वस्तू दुसऱ्या दिवशी हातभर वर सरकलेली असते. हे कसे?

उत्तर : आत एका लहान पतंगाची अळी आहे. धूळ आणि वाळूचे कण रेशमाने सांधून तिने हे घर शिवले असून त्याला दोन्ही टोकांना दारे आहेत. आतल्या आत वळून ती कोणत्याही दारातून डोके बाहेर काढू शकते. जुनी कोळिष्टके, गळलेले केस आणि लोकर यांवर ती जगते. कोळिष्टके झाडली की ती जाते.

प्रश्न : सोबतचा तपकिरी किडा कोणता?

उत्तर : छायाचित्र हलले आहे आणि तपकिरी किड्यांची संख्या मोठी आहे. कृपया वरून एक आणि बाजूने एक असे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून, पुन्हा पाठवावे. पाय सहा आहेत, आठ आहेत की चौदा, हे लिहावे. पंख असल्यास दोन आहेत की चार हेही पाहावे. पाठीवरील कठीण पंख मधोमध सरळ रेषेत मिळत असतील तर तो भुंगेरा, आणि एकमेकांवर चढून मागे त्रिकोण दिसत असेल तर तो ढेकणाच्या गोतातील, एवढे तुम्हालाही ठरवता येईल. तो कोणत्या झाडावर आणि किती वाजता दिसला, याचीही नोंद करावी. तोवर हा प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवला आहे.