‘सावळा’ म्हणजे नेमका कोणता रंग? कवितेत तो इतका का येतो?

सावळा म्हणजे काळसर, पण पुरता काळा नव्हे. निळ्याची झाक आणि बोलणाऱ्याची माया दोन्ही त्यात येतात. अभंगांत विठोबा सावळा आहे तो याच मायेपोटी. खानदेशात मृगाच्या आधी केळीच्या बागांवर उतरतं ते आभाळही सावळंच. धरणगावात १८९० साली जन्मलेल्या बालकवींनी ‘औदुंबर’मध्ये झऱ्याला ‘निळासावळा’ म्हटलं. मला त्याच कवितेतला ‘गोड काळिमा’ त्याहून जास्त भिडतो. हिरवाळी, पांढरी पायवाट, मग काळा डोह. अवघ्या आठ ओळींत रंग गडद होत जातो! लिहिताना एवढं सांभाळा: माणूस, मेघ, पाणी सावळं, आमची कापसाची जमीन मात्र ‘काळी’च, तिला सावळी म्हटलेलं कानाला खटकतं.