खोलीचे भाडे आणि विम्यातील कपात

प्रश्न : वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही पुण्यातील एका खासगी रुग्णालयात रोज १०,००० रुपयांची खोली घेतली, पॉलिसीत मर्यादा ५,००० रुपयांची होती. विमा कंपनीने डॉक्टरांच्या फीमधूनही निम्मी रक्कम कापली. हे योग्य आहे का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : अनेक खासगी रुग्णालयांत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क आणि शुश्रूषेचा खर्च खोलीच्या वर्गानुसार वाढतो, म्हणून मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतल्यास, पॉलिसीत तशी अट असेल तर, कंपनी या खर्चांचाही निम्माच भाग देते. दाखल होतानाच हे कुणी स्पष्ट सांगत नाही, हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. मात्र विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२० च्या निर्देशांनुसार औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाच्या शुल्कावर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयांतही ती लागू होत नाही. त्यामुळे तपशीलवार बिल घेऊन कपातीची प्रत्येक बाब तपासा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी हरकत नोंदवा. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पुण्यातील विमा लोकपाल कार्यालयात विनाशुल्क दाद मागता येते.