पाण्यातल्या खेळांसाठी कमी बजेटमध्ये जीपीएस स्मार्टवॉच कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कयाक आणि पॅडलबोर्ड नेहमीचं, मधेच कधी तलावात नाहीतर समुद्रात पोहणं, पुढे जमलं तर विंडसर्फिंग, बजेट बेताचं, मग '५० मीटर वॉटरप्रूफ' लिहिलेलं कुठलंही घड्याळ चालेल का. कुठलंही नाही चालणार. ५० मीटर ही किमान अट झाली, तेवढं हल्ली बऱ्याच स्वस्त घड्याळांवरही लिहिलेलं असतं. खरा फरक पडतो तो पाण्यात ट्रॅक नीट रेकॉर्ड होतो का आणि ओल्या हाताने घड्याळ चालवता येतं का यात, आणि या दोन गोष्टींसाठी महागडं मॉडेल लागतच नाही.

सगळ्यात आधी स्पेसिफिकेशनमध्ये 'कनेक्टेड जीपीएस' कुठे लिहिलंय का ते शोधा. फक्त तेवढंच असेल तर ते घड्याळ सोडून द्या. त्यात स्वतःचा जीपीएस नसतो, ते फोनचं लोकेशन उसनं घेतं, आणि पोहायला उतरलात की तुमचा फोन तर काठावर बॅगेत पडलेला असणार. जाहिरातीत मोठ्या अक्षरात नुसतं 'जीपीएस' छापतात आणि ही गोष्ट बारीक अक्षरात कुठेतरी खाली असते, म्हणून 'बिल्ट-इन' असं स्पष्ट दिसल्याशिवाय पुढे जाऊच नका.

आता पाण्याचं बघू. जीपीएसचा मुख्य सिग्नल येतो १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, तोही वीस हजार किलोमीटरवरच्या सॅटेलाइटकडून, म्हणजे पोचतो तेव्हाच अगदी क्षीण झालेला असतो, आणि उरलासुरला पाणी शोषून घेतं. मनगट जरासं बुडालं की सिग्नल गेला. कयाकमध्ये किंवा पॅडलबोर्डवर हात बहुतेक वेळ वरच असतो त्यामुळे तिथे साधं घड्याळसुद्धा छान ट्रॅक काढतं. खरी परीक्षा पोहताना. फ्रीस्टाइलमध्ये हात प्रत्येक स्ट्रोकला क्षणभर हवेत येतो, तेवढ्यात घड्याळाने जागा पकडायची असते, आणि 'ओपन वॉटर स्विम' (मोकळ्या पाण्यातल्या पोहण्याचा) मोड हेच गृहीत धरून त्या तुटक पॉइंट्समधून एक रेषा जुळवतो. हा मोड नसेल आणि तुम्ही रनिंगचा मोड लावून पोहलात तर नकाशावर तुम्ही मधेच काठावरच्या झाडीतून फिरून आलेले दिसाल. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तर हात जवळजवळ पूर्ण वेळ पाण्याखालीच, तिथे कितीही भारी घड्याळ असलं तरी ट्रॅक वेडावाकडा येणार. त्यावर पोहणाऱ्यांचा जुना उपाय म्हणजे घड्याळ स्विम कॅपच्या आत डोक्यावर ठेवायचं, किंवा मागे ओढायच्या फ्लोटवर पाण्याच्या वर राहील असं बांधायचं. तेव्हा मात्र ओपन वॉटर मोड नको, कारण तो हाताच्या हालचाली शोधत बसतो, तिथे सायकलिंगचा किंवा 'अदर' मोड बरा.

यातच एक फसगत होते. 'स्विमिंग सपोर्ट' लिहिलेलं असतं पण तो फक्त पूल स्विम मोड असतो, ज्यात जीपीएस बंदच राहतो, तुम्ही स्विमिंग पूलची लांबी भरायची आणि घड्याळ आतल्या सेन्सरवरून फेऱ्या मोजतं. गार्मिनचं फोररनर ५५ याचं चांगलं उदाहरण, पळणाऱ्यांसाठी झकास घड्याळ, स्वतःचा जीपीएस आहे, ५ एटीएम म्हणजे ५० मीटरचं रेटिंग आहे, तरी ओपन वॉटरचा मोड नाही. तुम्ही पोहणार असाल तर हे बाद.

ड्युअल-बँड, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेणाऱ्या जीपीएससाठी जास्त पैसे घालवू नका असं मी म्हणेन. ते उपयोगी पडतं उंच इमारतींमध्ये, दरीत, जिथे सिग्नल भिंतींवर आपटून उलटा येतो तिथे. मोकळ्या पाण्यावर डोक्यावर सगळं आकाश उघडं असतं, तिथे आपटायला काही नाहीच, आणि मनगट बुडाल्यावर सिग्नल जातो त्यावर दुसरा बँड काय करणार? दोन्ही बाजूंना उंच कडे असलेल्या नदीत कयाक चालवत असाल तर गोष्ट वेगळी. वाचलेले पैसे बॅटरी आणि बटणांकडे वळवा.

बटणं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि लोक सगळ्यात शेवटी बघतात. टचस्क्रीनला पाण्याचा थेंब आणि बोट यातला फरक धड कळत नाही, लाट अंगावर आली की स्क्रीन आपोआप सरकते, अ‍ॅक्टिव्हिटी पॉज होते, आणि वॉटर लॉक (टच बंद ठेवणारं सेटिंग) लावलं तर मग लॅप मारायलाही आधी ते काढत बसा. स्टार्ट, स्टॉप, लॅप ही तीन कामं बटणावर झालीच पाहिजेत, एका हातात पॅडल आणि दुसरा ओला अशा अवस्थेत. डिस्प्लेचंही तसंच, एमोलेड दुकानात डोळ्यात भरतो पण पाण्यावरच्या रखरखीत उन्हात एमआयपी डिस्प्ले जास्त स्पष्ट दिसतो, कारण तो बाहेरचा प्रकाशच वापरतो, आणि बॅटरीही कमी खातो.

वॉटरप्रूफबद्दल. ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोलीइतका स्थिर दाब सोसला, तोही नव्या घड्याळाने, टेस्टमध्ये. म्हणजे ५० मीटर डाइव्ह मारता येते असं नाही. पोहणं, कयाक, पॅडलबोर्ड याला ५ एटीएम पुरतं. वेगाने पाण्यावर आपटणं ही वेगळी भानगड आहे, ॲपलसुद्धा ५० मीटरवाल्या घड्याळांबद्दल सांगतं की स्कूबा आणि वॉटरस्कीइंगसारख्या जोराच्या पाण्यात वापरू नका. म्हणून विंडसर्फिंगचा विचार पक्का असेल तर १० एटीएमचं घ्या, आणि नुसतं आयपी६८ (फोनवर असतं ते धूळ-पाण्याचं रेटिंग) लिहिलेलं असेल तर पाण्यातल्या खेळांसाठी ते धरूच नका. सील कालांतराने थकतात, साबण, शॅम्पू, सनस्क्रीन यांनी अजून लवकर. त्यामुळे पैसे वाचवायला सेकंडहँड घेण्यापेक्षा मागच्या पिढीचं पण न वापरलेलं मॉडेल शोधा, नवीन आलं की जुन्याची किंमत उतरतेच.

नावंच हवी असतील तर तुमच्यासाठी माझी पहिली पसंती गार्मिन इन्स्टिंक्ट २, हे २०२२ मध्ये आलं. १० एटीएम, पाच बटणं, टच नाहीच, एमआयपी डिस्प्ले, जीपीएसवर ३० तासांपर्यंत, कयाक, पॅडलबोर्ड आणि ओपन वॉटर सगळे मोड आहेत. दिसायला ठोकळा आहे, ते चालवून घ्या. पोहणं जास्त असेल तर कोरोस पेस २, २०२० चं आहे पण नायलॉन पट्ट्यासकट २९ ग्रॅम, हातात आहे हेच विसरायला होतं, एक बटण आणि एक फिरकी, तेही ३० तास चालतं, फक्त ते ५ एटीएम. अमेझफिटचं टी-रेक्स २ पण बघा, १० एटीएम आणि चार बटणं, टच आहे पण बटणांवर काम भागतं.

हार्ट रेटच्या आकड्यांवर पाण्यात फार विसंबू नका, पट्टा आणि कातडीमध्ये पाणी शिरलं की मनगटाचा सेन्सर काहीही दाखवतो. छातीचा पट्टा लावला तर ब्लूटूथ पाण्यातून जात नाही, पोलर एच१० सारखा जो रेकॉर्डिंग स्वतःकडे साठवतो तोच घ्यावा लागतो, पण हा खर्च सध्या तरी नकोच.

वापरायला लागलात की निघायच्या आधी घरीच फोनशी सिंक करा, म्हणजे सॅटेलाइटची ताजी माहिती घड्याळात उतरते आणि जीपीएस लॉक (सॅटेलाइट सापडून जागा पक्की होणं) पटकन मिळतो, मग काठावर मनगट आकाशाकडे ठेवून लॉक मिळेपर्यंत थांबा आणि त्यानंतरच स्टार्ट दाबा. ऑटो पॉज बंद ठेवा, नाहीतर प्रवाहाबरोबर सावकाश वाहत असताना घड्याळ समजतं तुम्ही थांबलात. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः मागचे चार्जिंगचे पॉइंट्स आणि बॅरोमीटरचं छिद्र, आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, मीठ आणि करंट एकत्र आले की ते पॉइंट्स गंजतात. पाण्याखाली असताना बटणं दाबू नका. पट्ट्याची पिन लाटेच्या झटक्याने निसटू शकते, शक्य असेल तर घड्याळाखालून सलग जाणारा नायलॉनचा पट्टा लावा, पिन एका बाजूने सुटली तरी घड्याळ हातातच राहतं.

आणि घड्याळातलं 'बॅक टू स्टार्ट' आहे म्हणून फोन किनाऱ्यावर ठेवून लांब जाऊ नका. ते फक्त दिशा दाखवतं, कुणाला बोलावू शकत नाही. वॉटरप्रूफ पाऊचमध्ये फोन, लाइफ जॅकेटला शिट्टी, हे लागतंच.

विंडसर्फिंगला लागलात तर दोन सेटिंग बदला, रेकॉर्डिंग 'स्मार्ट' (यात घड्याळ मधले पॉइंट्स गाळतं) वरून दर सेकंदाला करा आणि स्पीड नॉट्समध्ये लावा, १ नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर प्रतितास. आणि सगळ्यात मोठा जो एका क्षणाचा आकडा दिसेल तो मित्रांना दाखवू नका, पडताना हात फेकला गेला की तसा आकडा हमखास येतो, १० सेकंदांचा सरासरी वेग दाखवा.